वळणावरचे दगड

माझ्या टेबलासमोर कुणी येऊन बसलं की मी दोन प्रश्न विचारते. पाणी प्यायलात का, आणि कपडे धुतले का. पहिल्याचं उत्तर बहुतेक 'न्हाई' असतं आणि दुसऱ्याचं 'व्हय'. घरात मयत झालं की आमच्याकडच्या बायका आधी धुणं काढतात. दवाखान्यानं पिशवीत बांधून दिलेला शर्ट, ज्याच्यावर धडक देणाऱ्या गाडीचा रंग लागलेला असतो, तो तिसऱ्या दिवशी स्वच्छ होऊन दोरीवर वाळत असतो. मी त्यांना रागावत नाही. मीपण धुतले होते.

टेबल सरकारचं आहे. तीन दिवस दौंडला, तहसील कचेरीच्या आवारात, आणि गुरुवारी शिरूरला. भिंतीवर फलक आहे, 'रस्ता अपघातग्रस्त व कुटुंबीय मदत कक्ष'. कक्ष म्हणजे एक टेबल, तीन खुर्च्या, दार न लागणारं लोखंडी कपाट आणि मी. मला विधी स्वयंसेवक म्हणतात. वकील नाही, कारकूनही नाही. लोकांची बाजू सरकारला सांगायची आणि सरकारचे नियम लोकांना. लोकांना वाटतं मी साहेबांची, साहेबांना वाटतं मी लोकांची, त्यामुळं चहा दोन्हीकडून मिळत नाही.

मी इथं आले ते स्वतःच्याच कामासाठी. नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला हवा होता, म्हणून रांगेत उभी होते. पुढच्या म्हातारीला अर्ज भरता येत नव्हता, तिचा भरला. तिच्या मागच्याचा भरला. दुपारपर्यंत मी रांगेच्या बाहेर कट्ट्यावर बसले होते आणि माझ्यापुढंच एक रांग लागली होती. माझं शिक्षण बारावी, पण अक्षर चांगलं आहे. तेव्हाचे साहेब तरुण होते, त्यांनी खिडकीतून पाहिलं आणि बाहेर आले. म्हणाले, "ताई, आता इथंच बसा." माझा दाखला त्या दिवशी राहूनच गेला.

लोक विचारतात, रोज हे ऐकून तुला त्रास होत नाही का? नाही होत. दाढ काढताना डॉक्टर सुई देतो आणि मग आपलाच गाल आपल्याला लागत नाही, तसं सहा वर्षं चाललंय. बाई समोर रडत असते आणि मी तिच्या आधार कार्डावरचा नंबर नीट उतरवत असते. सुरुवातीला मला माझीच भीती वाटायची, की ही बाई माणूस आहे का दगड. पुढं भीतीही वाटेनाशी झाली.

रस्ता सुरक्षा अभियानात मला भाषणाला बोलावतात. हेल्मेट घाला, वेग आवरा, घरी कुणी वाट बघतंय. मी बोलते, टाळ्या पडतात, शाल आणि नारळ मिळतो. घरी सहा शाली साठल्यात. नारळ आम्ही खातो.

माझा नवरा हळू चालवायचा, हे आधी सांगून ठेवते, कारण सगळी गोष्ट त्यावरच आहे. इतकं हळू, की आमच्या राहू गावात त्याच्या मोटारसायकलला लोक बैलगाडी म्हणायचे. कवठे येमाईला, माझ्या माहेरी, आम्ही दोघं निघालो की सासूबाई म्हणायच्या, "शिदोरी बांधून देऊ का, मुक्काम पडंल." एकदा पाबळच्या एका शाळकरी मुलीनं सायकलवरून आम्हाला मागं टाकलं आणि वर वळून हसली. मी त्याच्या पाठीत बुक्की मारली. तो म्हणाला, "पोचलो न्हाई आसं कवा झालंय का?"

आमची माणसं मूळची मेंढरांमागची. आबांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या तरुणपणापर्यंत वर्षातले आठ महिने तळ हलता असायचा. आबा मग राहूत भीमेच्या काठाला स्थिरावले, ऊस लावला, ट्रॅक्टर आला, दोन ट्रॉल्या आल्या. पण चालणं बदललं नाही. काठी खांद्यावर आडवी टाकून, दोन्ही हात तिच्यावर अडकवून अजून तसेच चालतात. जुन्या गोष्टी सांगायला बसले की माझी मुलगी मांडी घालून ऐकायची. तळ उठवताना सगळं घोड्यावर लादायचं, एक सुतळी मागं ठेवायची नाही, पण चुलीचे तीन दगड मात्र तिथंच सोडायचे. "पुढं येणाऱ्याला व्हत्यात," आबा सांगायचे. मलाही ते ऐकायला आवडायचं.

नवरा शिरूर तालुक्यातल्या एका कंपनीत होता. पहिली पाळी असली की पहाटे निघायचा. तो हिवाळा होता, उसाचा सीझन जोरात होता आणि मी मुलीला घेऊन चार दिवस कवठ्याला गेले होते, भावाच्या मुलाच्या बारशाला. सकाळी चुलीपुढं बसून चहा पीत होतो तेव्हा भावाचा फोन वाजला. त्यानं माझ्याकडं न बघता ऐकलं, तेव्हाच कळलं. कप मी धुऊन पालथा घातला आणि मग उठले.

नवऱ्याला पाहिलं होतं ते गावातल्या दूधवाल्यानं. तो पहाटे वस्त्यांवरून दूध गोळा करून पिकअपमधून यवतला डेअरीत घालतो. आमच्या वस्तीच्या पुढं रस्ता उसात वळतो, त्या वळणावर धुक्यात त्याला मोटारसायकल आडवी दिसली. त्यानं घरी फोन केला. आबा पळत गेले, वळण काही लांब नाही. दोघांनी मिळून त्याला उचललं, दुधाच्या कॅनांमध्ये पोतं टाकून ठेवलं. तेव्हा श्वास चालू होता. आणि आबा गाडीत चढले नाहीत. "तू चल, मी आलोच," म्हणाले. यवतला पोचायच्या आत तो गेला, तेव्हा त्याच्याजवळ भरलेले कॅन होते, दुसरं कुणी नव्हतं.

आबा तासाभरानं कुणाच्या तरी मागं बसून दवाखान्यात आले. मी त्यांच्यानंतर पोचले. त्यांच्या हाताला माती होती आणि दोन्ही तळव्यांची साल निघाली होती. मला वाटलं, वाटेत पडले असतील. विचारलं नाही. पण ते चढले का नाहीत, हे माझ्या मनातून कधी गेलं नाही. मी त्यांना सहा वर्षं वेळेवर भाकरी दिली, औषधं दिली, धोतरं धुतली आणि त्यांच्याशी कामापुरतं बोलले. गावात म्हणायचे, सून असावी तर अशी. मी त्यांचा राग करत होते आणि तो राग इतका थंड होता की भांड्याला भांडंही लागलं नाही.

तेव्हापासून आबांना एक नाद लागला. रोज सकाळी काठी घेऊन रस्त्यानं निघायचे, चौफुल्याच्या दिशेला अर्धा कोस, आणि रस्त्यावरचा दगड दिसला की उचलून कडेला टाकायचा. पोरं चेष्टा करायची, "आबा, ठेका किती वर्षाचा घेतलाय?" मला वाटायचं, म्हाताऱ्यानं पोराच्या दुःखात डोकं गुंतवायला काम काढलंय. मलाही टेबल होतंच की.

आता टेबलाकडं येते. शिरूरच्या गुरुवारी माझ्याकडं एक भाभी यायच्या. त्यांचं घराणं गाद्या भरणाऱ्यांचं, शिरूरच्या बाजारपेठेत तीन पिढ्यांचं दुकान. नवऱ्याला सायकलवरून येताना कुणी ठोकून गेलं, गाडी सापडली नाही. पळून गेलेल्या गाडीसाठी सरकारची वेगळी तरतूद आहे, पण तिचा अर्ज म्हणजे एक कागद आणला की दुसरा मागणार. भाभींनी एकही फेरी चुकवली नाही. वर्षभरानं त्यांचं काम झालं तेव्हा शिरखुर्म्याचा डबा घेऊन आल्या, तो टेबलावर ठेवला आणि बसल्याच.

"ताई, तू समद्यांच्या मालकाचं कागद काढती," त्या म्हणाल्या. "तुझ्या मालकाचं काढलं का?"

मी म्हटलं, "त्याचं काय काढायचं? घसरून पडला. समोर गाडीच नव्हती."

"कागदावर काय लिवलंय ते तर बघशील."

बघितलं नव्हतं. दुसऱ्यांना पहिल्या दिवशी सांगायचे, फिर्यादीची आणि पंचनाम्याची नक्कल मागा, आणि स्वतःची मागितली नव्हती. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ते हेच. पण त्याच महिन्यात माझी मुलगी शाळेतून आली आणि दप्तर न काढता दारात उभी राहिली. नववीत आहे. शाळेत अभियानाचं भाषण झालं होतं, यंदा माझं नव्हे, दुसऱ्या कुणाचं. वेगामुळं माणसं मरतात, असं सांगितलं. मधल्या सुट्टीत एक मुलगी हिला म्हणाली, तुझे पप्पा जोरात चालवत असतील मग.

"आई, पप्पांची चूक होती का?"

मी म्हटलं, "नाही गं."

"तुला कसं माहीत? तू तर कवठ्याला होतीस."

सोमवारी मी नकलेचा अर्ज केला. अर्जदार मी, लिहिणारी मी, तपासणारीही मीच.

कागद पंधरवड्यानं आले. मी ते टेबलावर बसूनच वाचले, सगळे नंबर संपल्यावर. अशा कागदांची भाषा मला तोंडपाठ आहे. 'यातील मयत याने आपल्या ताब्यातील मोटारसायकल भरधाव वेगात, हयगयीने व अविचाराने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून चालवून, स्वतः घसरून पडून, स्वतःच्या मरणास कारणीभूत झाला.' म्हणजे गुन्हा त्याच्यावरच होता. आरोपी तो आणि मेलेलाही तोच, म्हणून प्रकरण बंद. पंचनाम्यात होतं, 'रस्ता डांबरी, सुस्थितीत, कोणताही अडथळा दिसून येत नाही.' खबर देणारा चुलतदीर, आणि त्याच्याखाली जबाब आबांचा. 'घसरला असावा.' त्याखाली अंगठा.

भरधाव. त्या शब्दावर मला हसू आलं, खरंच आलं. समोरच्या टेबलावरच्या क्लार्कनं मान वर करून पाहिलं. नंतर मी कागद घडी करून पिशवीत ठेवले आणि डबा खाल्ला. पण त्या दिवसापासून मला एक गोष्ट हवी होती. मेलेल्या माणसाच्या नावावरचं ते वाक्य खोडून हवं होतं. मुलगी अठरा वर्षांची झाल्यावर तो कागद तिच्या हातात पडणार, आणि त्यात तिच्या बापाबद्दल सरकारनं लिहून ठेवलेलं शेवटचं वाक्य हे असणार, हे मला चालणार नव्हतं.

साहेब आता दुसरे आहेत, वयानं मोठे, सावकाश बोलणारे. म्हणाले, "नवीन काही पुढं आलं तर फेरतपासाचा अर्ज करता येतो. साक्षीदार आणा. नुसतं हळू चालवायचा म्हणून भागणार नाही."

साक्षीदार एकच होता. मी यवतच्या डेअरीबाहेर दूधवाल्याला गाठलं. तो कॅन उतरवत होता, मला बघून त्यानं टोपी काढली. तो तेव्हापासून मला बघितलं की टोपी काढतो.

"मला खरं सांगा," मी म्हटलं. "रस्त्यावर काही होतं का?"

त्यानं एक कॅन उतरवला, दुसरा उतरवला. मग म्हणाला, "दगड व्हतं की."

"कसले?"

"गाडी बिघडल्यावर लावत्यात तसलं. वळणावर, निम्म्या रस्त्यात, वळीनं. बाभळीचं डहाळंबी व्हतं. धुक्यात मलाच दिसलं न्हाईत, मी पार जवळ गेल्यावर ब्रेक दाबला."

"मग पोलिसांना का नाही सांगितलं?"

"इचारलं कुठं? आन् पोलीस आलं तवा तिथं दगड कुठं व्हतं?" तो कॅनाच्या झाकणाशी खेळत राहिला. "वयनी, मला कोर्टात न्हाई ना वढणार?"

मी त्याला टेबलावरचं सगळं सांगितलं. अपघातातल्या माणसाला मदत करणाऱ्याला कुणी अडकवू शकत नाही, सरकारचा तसा नियमच आहे, नाव सांगायची सक्तीसुद्धा नाही. तो मान हलवत होता. मी विचारलं, कुणाची गाडी असेल? तो म्हणाला, "सीझन व्हता. कुणाचाबी टॅक्टर आसंल." आणि आत निघून गेला.

आमच्या भागात ही रीतच आहे. उसाची ट्रॉली पंक्चर झाली, की मागंपुढं दगड मांडायचे, वर एखादं डहाळं. मागून येणारा जपून जातो. टायर बदलला, की ट्रॅक्टर निघतो, कारण कारखान्यावर नंबर लावायचा असतो. दगड तिथंच राहतात. ते उचलायचे असतात, हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. या टेबलावर मी त्या दगडांवर पडलेली किती माणसं लिहून घेतलीत.

त्या संध्याकाळी जेवताना मी घरात सांगितलं. मुलगी आणि आबा समोर बसले होते. सासूबाई गेल्या त्याला तीन वर्षं झाली, आता आम्ही तिघंच. मी म्हटलं, "वळणावर दगड होते. कुणाची तरी ट्रॉली बिघडली होती आदल्या दिवशी. त्यानं दगड सोडून दिले. मी त्याला शोधणार. सीझनच्या नोंदी असतात, कोणाची गाडी कधी पोचली ते सगळं असतं. शोधलं की सापडतं."

आबांनी हातातला घास ताटात ठेवला. मग ताटाला हात लावून कपाळाला लावला आणि उठले. अर्धी भाकरी तशीच होती. भाकरी टाकून उठलेले मी त्यांना कधी पाहिले नव्हते. मला वाटलं, पोराची आठवण झाली.

बुधवारी सकाळी मी दौंडला टेबलावर होते. गर्दी होती. चौथा नंबर पुकारला आणि समोर आबा येऊन उभे राहिले. धुतलेलं धोतर, डोक्याला मुंडासं, हातात शिपायानं दिलेला नंबराचा कागद. एकटेच राहूवरून एसटी बदलून आले होते. मी उठून उभी राहिले.

"आबा? काय झालं? पोरगी बरी आहे ना?"

"समदं बरं हाय. तू बस खाली."

"घरी बोलू की आपण."

"घरी तू सून हायीस," आबा म्हणाले. "हितं सरकार हायीस. मला सरकारला सांगायचंय."

ते खुर्चीत बसले. सासऱ्यांच्या समोर खुर्चीत मी त्या दिवशी पहिल्यांदा बसले. काय करावं सुचेना, म्हणून मी रोजचंच केलं. कोरा जबाब ओढला आणि विचारलं, "पाणी प्यायलात का?"

"प्यालो."

नाव लिहिलं, गाव लिहिलं, वय विचारलं. मयताशी नातं, असा रकाना आहे. तो विचारूनच भरायचा, असा नियम आहे, माहीत असलं तरी.

"मयताशी नातं?"

"बाप."

मग त्यांनी सांगितलं. सलग सांगितलं, बहुतेक वाटेत एसटीत जुळवून आले होते.

"आदल्या दिशी आपलीच ट्रॉली फुटली वळणावर. दगड म्या लावलं. डहाळंबी म्याच तोडलं. दिस बुडायच्या टायमाला टायर बसला, डायव्हर म्हणला आबा नंबर जाईल, म्हणून गाडी हलवली. दगड ऱ्हायलं. आमी तळ हलवला तरी दगड तितंच सोडायचो, पोरी. दगड उचलायची सवंच न्हाई हाताला. जेवताना ध्यानात आलं व्हतं. त्याला सांगावं म्हणलं, वळणावर जपून जा. पर तो उसाच्या पाण्याचं बोलत व्हता, मग मोटारीचं निघालं आन् ऱ्हायलं ते ऱ्हायलंच. सकाळी उजाडल्यावर जाऊन उचलीन म्हणलं. तो उजाडायच्या आधीच गेला."

माझा पेन चालत होता. हात लिहितोय आणि मी बाजूला बसलेय, असं. 'दगड मीच ठेवले होते,' लिहिलं. पुढं आपोआप हातातून उतरलं, 'माझ्या हयगयीने.' शेकडो वेळा लिहिलेला शब्द. मी थांबले. पुढचा प्रश्न फॉर्मवर नव्हता.

"तुम्ही गाडीत का चढला नाहीत, आबा?"

त्यांनी तळवे उलटे करून मांडीवर ठेवले आणि त्यांच्याकडं बघत राहिले.

"दगड उचलत व्हतो," ते म्हणाले. "समदं उचललं, चारीत टाकलं, वर ऊस वढला. दुसरं कुणी पडू न्हाई म्हणून उचललं, का कुणाला दिसू न्हाईत म्हणून, ते मला आजवर कळलं न्हाई. त्याच्यासंगं जायाचं सोडून म्या दगड उचललं."

मला राग यायला पाहिजे होता. सहा वर्षं जपलेला राग होता, तो काढायची हीच वेळ होती. मी शोधला आणि मला सापडला नाही. डोळ्यांपुढं त्या दिवशीचे साल निघालेले तळवे दिसत होते, आणि दवाखान्यात मी त्यांना विचारलं नव्हतं, एवढंच आठवत होतं. मी तेव्हा एक शब्द विचारला असता, तर म्हाताऱ्यानं तेव्हाच सांगितलं असतं, असं मला वाटलं. मला त्यांची दया आली आणि स्वतःची लाज वाटली. एवढं काही वाटायची सवय राहिली नव्हती, त्यामुळं मी पाण्याचा ग्लास उचलून सगळा पिऊन टाकला.

साहेब मागं येऊन उभे होते. किती ऐकलं, माहीत नाही. त्यांनी जबाब वाचला, चष्मा काढला.

"आबा," ते म्हणाले, "हे मी पुढं पाठवलं तर मुलावरचं जाईल, पण तुमच्यावर येऊ शकतं. वय बघता काय होईल सांगता येत नाही. अजून सही झालेली नाही. हा कागद फाडला तर कुणाला कळणार नाही. विचार करा." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "ताई, तुम्हीपण."

मी विचार केला नाही. मी आबांकडं बघत होते.

"सायेब," आबा म्हणाले, "जमीन त्याच्या नावावर करायची, करायची म्हणत ऱ्हायली. औंदा करू, पुढल्या साली करू. जमीन न्हाई झाली. माझी चूक तेवढी त्याच्या नावावर करून बसलो. ती माझ्या नावावर घ्या."

नियमाप्रमाणं मी जबाब त्यांना वाचून दाखवला. मग शाईचा पॅड पुढं केला. अंगठा द्यायला आलेल्या माणसाचा हात आम्ही धरतो, नाहीतर ठसा फिसकटतो. आमच्यात सून सासऱ्याच्या पाया पडते, हात कधी धरत नाही. मी आबांचा अंगठा धरला, शाईत टेकवला, कागदावर दाबला आणि लोकांचा धरते त्यापेक्षा थोडा जास्त वेळ धरून ठेवला. ठसा चांगला उमटला.

खाली लिहून घेणाऱ्याची सही असते, आणि तिच्या शेजारी एक बारीक रकाना, 'मयताशी नाते असल्यास'. मी तिथं नेहमी आडवी रेघ मारते. त्या दिवशी 'पत्नी' लिहिलं. साहेबांनी कागद उचलला आणि शिपायानं पाचवा नंबर पुकारला.

त्याचं पुढं काय होईल, अजून माहीत नाही. दूधवाल्याचा जबाब झाला. कागद वर गेलाय, वरून कधी येईल ते वरच्यालाच ठाऊक. मी लोकांना सांगते तेच स्वतःला सांगते, महिन्यातून एक फेरी मारत राहायची.

त्या दिवशी आम्ही दोघं एकाच एसटीनं घरी आलो. आबा खिडकीपाशी बसले होते आणि अंगठा धोतराला पुसत होते, शाई जात नव्हती. संध्याकाळी मी भाकरी वाढली. त्यांनी घासाला हात लावला नाही, मुलीला म्हणाले, "हिकडं ये. तुला एक सांगायचंय, जेवायच्या आधी सांगतो, न्हाईतर ऱ्हायचं."

सगळं सांगितलं, टेबलावर सांगितलं तसंच. ती ऐकत होती. मग तिनं विचारलं, "म्हणजे पप्पा जोरात नव्हते?"

"तो?" आबा म्हणाले. "त्याला सायकलीवरची पोरगी माघारी टाकायची."

मुलगी हसली. हसता हसता तिचा चेहरा वेडावाकडा झाला आणि ती आबांच्या मांडीवर पडून रडली. त्यांनी शाईचा हात तिच्या डोक्यावर ठेवला. मी तव्यावरची भाकरी उलटायला वळले. ती कधीच करपली होती, आणि मला ती दिसत नव्हती.